दम किती? दोन

५ जून, गुरुवार

रोजनिशी लिहिणं हा काही माझा प्रांत नाही. कंपनीत दिवसभर लिहितो तेवढं पुरे होतं. पण आज हॉस्पिटलातल्या ज्योतीराम सरांनी गळच घातली. ते तिथले समुपदेशक. म्हणाले, "पेशंटची काळजी सगळे घेतात, काळजी घेणाऱ्याची कोण घेणार? मनात येईल ते लिहीत जा." मला काय धाड भरलीय, असं म्हणणार होतो. तरी येताना वही घेतलीच.

तर बाबांविषयी. भोसरीतल्या एका फाउंड्रीतून ते निवृत्त झाले. ओतून आलेले लोखंडी भाग ग्रायंडरवर साफ करायचे, हेच काम जन्मभर. गेल्या वर्षापासून कोरडा खोकला लागला. आधी कुणी ॲलर्जी म्हणालं, मग टीबीची शंका, मग पित्त. बारा दवाखाने फिरून झाल्यावर इथे आलो. इथली पद्धत मला आवडली. दर गुरुवारी छातीच्या डॉक्टर विजयश्री मॅडम, सीटी स्कॅन वाचणारे, सांध्यांचे डॉक्टर, फिजिओथेरपीच्या पूनम मॅडम, आहारवाल्या बाई आणि ज्योतीराम सर असे सगळे एका टेबलाभोवती बसतात. एकेका पेशंटवर बोलतात आणि मग घरच्यांना आत बोलावून सगळ्यांचं मिळून एकच काय ते सांगतात. चाकणला आमच्या कंपनीत एखादा पार्ट रिजेक्ट झाला की मी क्वालिटीचा माणूस म्हणून हेच करतो. सगळ्या डिपार्टमेंटना समोरासमोर बसवलं की ह्याने त्याच्यावर ढकलायची सोय राहत नाही. शिवाय गुरुवार हा आमच्याकडच्या कारखान्यांचा सुट्टीचा दिवस, म्हणजे रजेचीही कटकट नाही.

विजयश्री मॅडम म्हणाल्या, "फुप्फुस मऊ असतं, हवा आली की फुगतं. यांचं खालून कडक होत चाललंय. कारण बहुधा ती धूळ. जेवढं कडक झालं तेवढं परत मऊ होत नाही."

आई म्हणाली, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आन् मुंगीच्या पावलानं जातं, बाई. जाईल की हळूहळू."

"हे मुंगीच्या पावलानं येतं, आजी," मॅडम म्हणाल्या. जाण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

पुढे वाढू नये म्हणून एक औषध आहे, पण त्याने भूक मरते, पोट बिघडतं. म्हणून तीन महिने वेग बघायचा. घरी रोज चालून आल्यावर बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजायचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला श्वासाची तपासणी पुन्हा करायची. मग औषधाचं आणि घरी ऑक्सिजन लावण्याचं टीम ठरवणार.

नंतर पूनम मॅडमनी बाबांना लांबच्या लांब व्हरांड्यात चालवलं. विचारलं, "बाबा, दम किती लागला? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जीव जातोय."

बाबा म्हणाले, "दोन."

परत येताना रिक्षात ते मला कोपराने ढोसत म्हणाले, "शून्य म्हणलो असतो तर बाईला खोटं वाटलं असतं." मी पोट धरून हसलो. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिला धडा त्यांनीच दिला होता. ऑडिटरला एखादी बारकी चूक सापडू द्यायची, म्हणजे तो खूश होतो आणि मोठी शोधत नाही. मी अजून तसंच करतो. माणसाची उमेद अशी शाबूत असली की अर्धी लढाई जिंकली.

१५ जून

रीडिंग सुरू आहे. आमचं घर संत तुकाराम नगरात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा संध्याकाळी खाली उतरून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जातात आणि वर आल्यावर यंत्र लावतात. मी बहुतेक कंपनीतच असतो, म्हणून फोनवर आकडा सांगतात. काल एकोणनव्वद, आज अठ्ठ्याऐंशी. मॅडमच्या मते हे ठीक नाही, पण घाबरण्याइतकंही नाही. मला नव्वदच्या खालचा आकडा दिसला की मार्कात नापास झाल्यासारखं वाटतं.

पूनम मॅडमकडे आई त्यांना दोनदा घेऊन गेली. गरम चहावर फुंकर घालतो तसा श्वास सोडायला शिकवलाय. आता बाबा म्हणतात, शिकून झालं, घरीच करतो, रिक्षाचा ताप कशाला. आठवड्यातून एकदा पूनम मॅडम फोन करून दम विचारतात. उत्तर ठरलेलं, दोन.

२४ जून, मंगळवार

आमच्या शेखर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. होसूरला तमिळनाडूत आपला नवा प्लांट होतोय. दोन वर्षं तिथे जायचं आणि क्वालिटी डिपार्टमेंट माझ्या हाताखाली. दसऱ्यापर्यंत हो की नाही ते सांग म्हणाले. इतकी वर्षं दुसऱ्याने उभ्या केलेल्या लाइनवर चुका शोधण्यात गेली. पहिल्या दिवसापासून सगळं आपल्या हाताने नीट लावायला मिळणं, हे माझं स्वप्न आहे.

घरी येऊन स्वयंपाकघरात बायकोला, साक्षीला, सांगितलं. ती म्हणाली, "तुला जायचंय ना? तोंडावर लिहिलंय." मी म्हटलं, जायचंय गं, पण बाबांचं हे असं. ते बरे असते तर एका पायावर गेलो असतो. हॉलमध्ये बाबांचा टीव्ही मोठ्याने चालू होता, तो मध्येच बंद झाला. लाइट गेली की काय म्हणून बघितलं तर पंखा फिरत होता. कंटाळले असतील.

३ जुलै

आनंदाची गोष्ट. आठवडाभर रीडिंग चढतंय. नव्वद, एक्क्याण्णव, त्र्याण्णव आणि काल चौऱ्याण्णव. व्यायामाचा गुण येतोय. आहारवाल्या बाईंनी सांगितलेलं थोडं थोडं पण पाच वेळा खाणंही आई सांभाळते. मी बाबांना म्हटलं, बघा, टीमवर्क. ते म्हणाले, "व्हय, लई भारी माणसं हायती."

साक्षी मात्र म्हणाली, "बाबा हल्ली आंघोळीला किती वेळ लावतात." मी म्हटलं, निवृत्त माणूस, कुठे शिफ्ट गाठायचीय त्यांना.

१० जुलै, गुरुवार

कंपनीत आवराआवरीचा पंधरवडा चालू आहे. नको ती वस्तू हलवा, हवी ती जागेवर ठेवा. म्हटलं, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून घरापासूनच सुरुवात करू. जिन्यात बघतो तर प्रत्येक टप्प्यावर एकेक प्लास्टिकचं स्टूल. कुणी ठेवलं, कशाला ठेवलं, पत्ता नाही. उद्या आग लागली, माणसं धावली तर पहिला अडथळा तोच. तिन्ही स्टुलं उचलून गच्चीवर नेऊन ठेवली आणि खाली फळ्यावर सूचना लिहिली, जिन्यात वस्तू ठेवू नयेत.

आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. आई बोलली नाही म्हणजे मला वाटतं तिला पटलं.

२७ जुलै

आज रविवार, पण रजा टाकून मी घरी. बाबांना म्हटलं चला, पानवाल्यापर्यंत जाऊ, तुमचं चालणं मलाही बघू द्या. म्हणाले, आज गुडघा धरलाय. मागच्या गुरुवारी पोट बिघडलं होतं. मी असलो की हे खाली उतरत नाहीत, नुसते टीव्हीपुढे. मी जरा आवाज चढवला. "बाबा, बसून बसून मशीनलाही गंज चढतो. आम्ही सगळे तुमच्यासाठी झटतोय, तुम्हीही थोडी साथ द्या."

ते म्हणाले, "चुकलंच माझं." आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मला नंतर वाईट वाटलं, पण कधीकधी बोलावं लागतं. मी कंपनीत असतो तेव्हा रोज जातात म्हणे, त्यामुळे ठीक आहे. कालचं रीडिंग चौऱ्याण्णव.

१२ ऑगस्ट

डोकं फिरलंय. लाइनवर गणराज म्हणून ऑपरेटर आहे, तासातासाला पार्टचं माप घ्यायचं त्याचं काम. आज त्याची मापं बघितली तर सकाळपासून एकसारखी. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "भावा, खरं माप कधी असं सरळ रेषेत येतं का? थोडं वर, थोडं खाली व्हायलाच पाहिजे. हे तू चहा पीत बसल्या जागी ठोकलंस." पाच मिनिटांत कबूल झाला. म्हणाला, "सर, खरं माप लिहिलं असतं तर लाइन थांबली असती आणि सगळे माझ्या नावाने ओरडले असते." त्याला ताकीद दिली. खोट्या मापापेक्षा बंद लाइन परवडली, हे माणसांना कळत का नाही?

बाबा चौऱ्याण्णव. पंधरा दिवसांत एकदाही हललेलं नाही. देव नाही मानत, पण कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात.

२ सप्टेंबर, मंगळवार

परवा, गुरुवारी, बाबांची श्वासाची तपासणी ठरली होती. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या जर्मन ग्राहकाचं ऑडिट, सुट्टी रद्द. बाबाच म्हणाले, "तुजं काम हुं दे. मी कुटं पळायलोय?" मग मी तीन महिन्यांच्या रीडिंगचा छान आलेख काढून टीमला पाठवला आणि फोन केला. विजयश्री मॅडमनी विचारलं, "हे चालून आल्यावरचेच ना? बसून घेतलेले नाहीत ना?"

मी म्हटलं, "मॅडम, मी क्वालिटीतला माणूस आहे."

त्या हसल्या. "मग औषधाची घाई नको. पण तपासणी टाळू नका, दसऱ्याच्या आत आणा." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

१४ सप्टेंबर, रविवार

कंपनीतून लवकर आलो आणि सगळे विहारात गेलो. सगळे म्हणजे मी, साक्षी आणि आई. बाबा तासभर आधीच एकटे निघाले होते, आम्ही पोहोचलो तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले. वंदना नेहमी तेच घेतात. पूर्वी एका दमात म्हणायचे, मागच्याला उसंत मिळायची नाही. आता एक ओळ ते म्हणतात, पुढची लोकांवर सोडतात आणि डोळे मिटून ऐकतात. मी साक्षीला म्हटलं, वय झालं की माणूस इतरांना संधी द्यायला शिकतो. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "समाधान, तुला खरंच असं वाटतं?"

हिला सगळ्यात खोट काढायची सवय आहे, असं लिहिणार होतो. पण ते काम तर माझं.

निघताना बाबांना दत्तोबाकाकांची आठवण झाली. बाबांच्याच फाउंड्रीतले, थेरगावला राहायचे. त्यांनाही हेच दुखणं होतं, घरी ऑक्सिजनचं मशीन लावलं आणि वर्षात गेले. बाबा म्हणाले, "नळी लागली की खुट्याला बांधल्यावानी. मशीन जितकं सोडंल तितकंच फिरायचं." मी म्हटलं, तुम्हांला कुठे लागतेय नळी?

२० सप्टेंबर

शेखर साहेबांना होसूरचं हो सांगितलं. पंधरा ऑक्टोबरला जायचं, साक्षी दोन महिन्यांनी येईल. तोवर ती आई-बाबांजवळ, नंतर मी महिन्यातून एकदा चक्कर मारीन. बाबांनी आईला पेढे आणायला पाठवलं. माझ्या हातावर पेढा ठेवून ते लगेच खुर्चीत टेकले. मला भरून आलं. माझ्या बापाने धूळ खाल्ली म्हणून मी आज पांढरा शर्ट घालून प्लांट उभा करायला निघालोय.

३० सप्टेंबर, मंगळवार

काय लिहू आणि कसं लिहू.

कंपनीत गॅसच्या लाइनला गळती लागली. कुणाला काही झालं नाही, पण दुपारीच सगळ्यांना घरी सोडलं. दोनच्या सुमारास मी इमारतीत शिरलो. पहिल्या टप्प्यावर स्टूल. मी सूचना लिहूनही पुन्हा स्टूल, म्हणून तणतणत ते उचलून वर निघालो. दुसऱ्या टप्प्यावर दुसरं, आणि त्यावर बाबा बसलेले.

दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली, खांदे वरखाली होताहेत. ओठांचा रंग जांभळासारखा. चहावर घालतात तशी फुंकर घालायचा प्रयत्न चालला होता, पण फुंकर येत नव्हती. आई पाठीवरून हात फिरवत होती. मला बघून ती घाबरली. चोरी पकडल्यासारखी घाबरली. माझ्या हातातल्या स्टुलाकडे बघून म्हणाली, "आरं, आज लवकर कसा?"

यंत्र तिच्या पदराला बांधलेलं होतं. मी बाबांच्या बोटाला लावलं. एकोणऐंशी. मला वाटलं बिघडलंय. माझ्या बोटाला लावून बघितलं तर अठ्ठ्याण्णव. यंत्राला काही झालं नव्हतं.

बाबांना वर न्यायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. पलंगावर टेकल्यावर आईने सांगितलं. टप्प्याटप्प्यावर बसायला काहीतरी ठेवा, असं पूनम मॅडमनीच जूनमध्ये तिला सांगितलं होतं. म्हणून तिने स्टुलं ठेवली. मी ती गच्चीवर टाकल्यापासून रोज सकाळी मी गेलो की ती वर जाऊन तिन्ही उतरवते, बाबांना थोडं खाली-वर करवते आणि मी यायच्या आत पुन्हा गच्चीवर नेऊन ठेवते. गुडघेदुखीची माझी आई.

"मला सांगायचं ना, आई."

"कसं सांगायचं? सांगितलं की तुला सगळं कळलं असतं."

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "रीडिंग बसून घेत हुतो. खुर्चीत, चहा झाल्यावर. येत हुतं तितकं." मग दम घेऊन, "तूच म्हणलास की, बरा असतो तर गेला असतास."

त्या दिवशी टीव्ही त्यांनी कंटाळून बंद केला नव्हता.

विजयश्री मॅडमना फोन केला. म्हणाल्या, ताबडतोब आणा. आम्ही चौघांनी बाबांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं, मी, साक्षी आणि शेजारचे दोघे. उतरताना बाबा शेजाऱ्यांची माफी मागत होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

हॉस्पिटल. आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात बाबांच्या जागी कुणी वंदना घेतली, त्याचा व्हिडिओ साक्षीने दाखवला. बाबा नाकातल्या नळीसकट ओठ हलवत होते. आवाज नव्हता.

कंपनीत एखादी मोठी चूक झाली की आम्ही पाच वेळा "का" विचारतो, म्हणजे मुळाशी पोचता येतं. मी व्हरांड्यात बसून तो खेळ खेळलो. औषध उशिरा का? आकडे चांगले होते म्हणून. आकडे चांगले का? बसून घेतले म्हणून. बसून का घेतले? तिसऱ्याच "का"ला मी आलो. पुढे विचारलंच नाही.

गणराजला सगळ्यांसमोर बोललो होतो. त्याचं तोंड राहून राहून समोर येतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

टीम बसली. आम्हांला आत बोलावलं. तेच टेबल, तेच लोक, कुणाच्याही बोलण्यात राग नव्हता. रागावले असते तर बरं वाटलं असतं. स्कॅनमध्ये बरंच वर सरकलंय. औषध सुरू केलंय, घरी ऑक्सिजन लागेल, दिवसातला बराच वेळ. पूनम मॅडम, आहारवाल्या बाई, ज्योतीराम सर, प्रत्येकाने आपल्या वाटचं सांगितलं. किती प्रेमाने सांगतात ही माणसं, आणि त्यांच्याही हातात किती थोडं आहे.

सगळे उठल्यावर मी विजयश्री मॅडमना गाठलं. "जूननंतरही खरे आकडे मिळाले असते तर?"

"हा प्रश्न स्वतःला विचारत बसू नका."

"मॅडम, मी तुम्हांला विचारतोय."

त्यांनी हातातली फाइल मिटली. "औषध जुलैतच सुरू झालं असतं. फरक पडला असता. किती, ते मी नाही सांगू शकत." पुढे म्हणाल्या, "आमच्याकडूनही चुकलं. आलेख बघून आम्ही निश्चिंत झालो. माणूस बघायला हवा होता."

हॉस्पिटलात एवढी माणसं एका टेबलाशी बसून एकमेकांना खरं सांगतात. आमच्या घरात चार माणसं, रोज एका ताटाशेजारी दुसरं ताट.

दुपारी पूनम मॅडमनी बाबांना चाकाचं सिलिंडर लावून चालवलं. मला म्हणाल्या, काउंटरवरून घरच्या मशीनचा कागद घेऊन या. कागद पटकन मिळाला. परत आलो तेव्हा बाबा पडद्याआड पलंगावर बसले होते, मला दिसत नव्हते. मीही त्यांना दिसत नव्हतो.

"बाबा, दम किती? खरं सांगा बरं का आता."

धापांमधून आवाज आला. "नऊ." मग थोड्या वेळाने, "बाहेर पोरगं हाय. त्याला दोन सांगा."

मी तिथेच भिंतीला टेकलो. जूनमध्ये रिक्षात मी पोट धरून हसलो होतो. तेव्हा किती होतं, बाबा? चार? पाच? आता विचारायचंही धाडस होत नाही.

पूनम मॅडम बाहेर आल्या आणि मला बघून जागच्या जागी थांबल्या. खोटं बोलायची सवय नसलेला चेहरा. त्यांची सुटका करावी म्हणून मीच जरा मोठ्याने, आत ऐकू जाईल असं म्हणालो, "दोनच ना?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मी बघितलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

शेखर साहेबांना काल नकार कळवला. ते समजूतदारपणे बोलले. होसूरला दुसरा माणूस जाईल. मला वाईट वाटलं का? वाटलं. ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

आज बाबांना घरी आणलं. खाली रिक्षातून उतरताना त्यांनी विचारलं, "तुजं जाणं कवा मग?"

"पुढे ढकललंय. दिवाळीनंतर."

"नक्की?"

"नक्की."

त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "तंवर मी जिना चढायला लागतो बघ."

सकाळीच मी गच्चीवरून तिन्ही स्टुलं आणून टप्प्यांवर मांडली होती. फळ्यावरची सूचना पुसली होती. लहान सिलिंडर मी खांद्याला अडकवलं. नळी जेमतेम दोन हातांची, त्यामुळे मला त्यांच्या पुढे जाता येईना की मागे राहता येईना. एक पायरी त्यांची, एक माझी. दोन पायऱ्या चढून ते थांबले, नळीकडे बघून म्हणाले, "आता दोघंबी एकाच दाव्याला." आणि हसले. हसताना खोकला आला. आई खालच्या पायरीवर उभी होती, तिने तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या टप्प्यावर बाबांचे पाय थांबले. मी पायाने स्टूल पुढे सरकवलं, ते बसले. खांदे वरखाली होत होते. मी सिलिंडर सांभाळत शेजारी पायरीवर बसलो. वरून साक्षीने दार उघडल्याचा आवाज आला. किती वेळ बसलो असू कुणास ठाऊक.

जरा थांबल्यावर मी विचारलं, "बाबा, दम किती?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन."

मी म्हणालो, "बरं. बसू अजून थोडं."